आजोबांनी माणूस चंद्रावर उतरताना टीव्हीवर पाहिला, पण टीव्ही तेव्हा होता कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन दोन महिन्यांवर आलंय आणि तुम्ही त्यांच्या आठवणींची पुस्तिका करताय. त्यांची सगळ्यात लाडकी आठवण म्हणजे, १९६९ साली दादरच्या चाळीत शेजाऱ्यांच्या टीव्हीवर अख्ख्या मजल्याने रात्रभर जागून आर्मस्ट्राँगला चंद्रावर उतरताना पाहिलं आणि सकाळी पेढे वाटले. तुमचा आतेभाऊ म्हणतो की तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता, आजोबा फेकतायत. आता हे छापायचं, गाळायचं, की आजोबांना तोंडावर सांगायचं?

आतेभावाची माहिती बरोबर आहे. पण त्यावरून तो जे म्हणतोय ते चूक आहे, आणि तुमची खरी अडचण तिथेच आहे. टीव्ही होता की नव्हता हे दोन मिनिटांत कळतं. आजोबांनी मग नेमकं काय पाहिलं, कुठे पाहिलं आणि कधी, हे शोधायला एखादी दुपार मोडावी लागते. मी गेली वीसेक वर्षं लोकांच्या घरी जाऊन ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. चंद्राची आठवण मला कधी विचारावी लागत नाही, ती आपणहून येते. आणि ती सांगणारा माणूस सांगली-साताऱ्याचा असला तरी तिच्यात टीव्ही हटकून असतो.

आधी तारखा बघू. दिल्लीत प्रायोगिक दूरदर्शन १९५९ च्या सप्टेंबरात सुरू झालं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले ते १९७३ मध्ये. म्हणजे जुलै १९६९ मध्ये देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. तिथेही चंद्रावरचं चित्र थेट येण्याची सोय नव्हती, कारण त्यासाठी लागणारं उपग्रह भूकेंद्र आपल्या जुन्नर तालुक्यात आर्वीला उभं राहिलं ते १९७१ मध्ये. तेव्हा आजोबा त्या दिवसांत कामानिमित्त परदेशात नव्हते ना, एवढी खात्री करून घ्या. नसतील, तर त्यांनी ते थेट टीव्हीवर पाहिलेलं नाही, हा विषय संपला.

पण फेकतायत? हे मी ऐकून घेणार नाही, कारण हीच आठवण माझ्याकडेही होती. नारायण पेठेतला आमचा वाडा, शेजारच्या काकांच्या खोलीत लाकडी शटरचा टीव्ही, त्यावर क्रोशाचं कापड, जमिनीवर पंधरा-वीस जण मांडीला मांडी लावून बसलेले, आणि पडद्यावर तो पांढरा फुगीर माणूस शिडीवरून उतरतोय. मी ही गोष्ट पंचविशीपर्यंत लोकांना सांगत होते. एकदा आईसमोर सांगितली तेव्हा तिने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘आणि वासंती कुठे होती तेव्हा?’ मी म्हटलं, माझ्या मांडीवर, सारखी रडत होती. आई म्हणाली, ‘वासंती बहात्तर सालची.’ संपलं. चित्र खरं, काकांची खोली खरी, बहिणीचं रडणंही खरं. फक्त साल पाच-सहा वर्षं पुढचं. खरी १९६९ ची माझ्याकडे एकच गोष्ट आहे: वडील रेडिओला कान लावून बसलेत, रेडिओचा हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा दिवा, बारीक-मोठा होतोय आणि मला कुणी बोलू देत नाहीये. एवढ्याने गोष्ट होत नाही, म्हणून मनाने नंतरचं चित्र त्याला जोडून दिलं.

माझ्या अनुभवात या आठवणी बहुधा तीन पेडांच्या वेणीसारख्या असतात. एक पेड त्या रात्रीच्या रेडिओचा. दुसरा सिनेमागृहाचा. तेव्हा मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र दाखवावंच लागे, आणि चंद्रावरची हलती चित्रं बऱ्याच लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती अशी, अंधारात, भल्यामोठ्या पडद्यावर. शाळा-कॉलेजांत अमेरिकन माहिती खात्याच्या फिल्मही दाखवत. सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त मास्तर मला ‘टीव्हीवर पाहिलं’ असंच सांगत होते. टीव्ही केवढा होता म्हणून विचारलं तर त्यांनी दोन्ही हात पसरले, मग उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘ह्या भिंतीएवढा.’ मग आपणच हसले. चादर बांधली होती पटांगणात, मागे प्रोजेक्टरची टरटर चालली होती आणि उजेडावर आलेले पावसाळी किडे चंद्रावर फिरत होते. तिसरा पेड १९७२ नंतरच्या टीव्हीचा, जेव्हा तीच दृश्यं पुन्हा पुन्हा दाखवली गेली. आणि काही घरांत तर चौथाही असतो: एप्रिल १९८४, राकेश शर्मा अंतराळात आणि इंदिरा गांधी त्यांना विचारतायत की भारत कसा दिसतो. तेव्हा शेजारपाजारचे खरोखरच एका टीव्हीसमोर जमले होते. तुमच्या आजोबांच्या गोष्टीतला ‘अख्खा मजला’ तिथून आलेला असू शकतो.

आता त्यांच्या गोष्टीतलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटतं: ‘रात्रभर जागून’. हे कुणी सहज जोडत नाही. घड्याळ लावून बघा. ईगल यान चंद्रावर टेकलं ते आपल्या वेळेनुसार २१ जुलैच्या पहाटे, म्हणजे मध्यरात्र उलटून १ वाजून ४७ मिनिटांनी. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते त्याच सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. अमेरिकेत ती रविवारची दुपार आणि रात्र होती, इंग्लंडमध्ये पाऊल पडलं तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. म्हणजे मुंबईच्या माणसाने रात्र जागवली असेल तर ती यान टेकण्यासाठी, आणि तीही रेडिओवर. व्हॉइस ऑफ अमेरिका ही अमेरिकी सरकारची नभोवाणी लघुलहरींवर सगळं थेट सांगत होती, आणि ज्याच्याकडे बरा रेडिओ असेल त्याच्या दारात चाळ जमणं ही त्या काळी काही नवलाची गोष्ट नव्हती. पाऊल पडलं तेव्हा मात्र मुंबई लोकलच्या गर्दीत होती. सोमवार होता.

त्या सोमवारचं आणखी एक सांगते, कारण आजोबा बँकेत होते असं तुम्ही लिहिलंय. शनिवारी, १९ जुलैला, इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यात आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. म्हणजे २१ तारीख हा त्यानंतरचा पहिला कामाचा दिवस. आजोबांची बँक त्या चौदांपैकी होती का, ते विचारा. असली तर त्या सकाळी ते कुठल्या मनःस्थितीत घराबाहेर पडले असतील याचा विचार करा. कर्मचारी संघटना राष्ट्रीयीकरणाची मागणी करतच होत्या. मला तर पेढ्यांचा संशय येतो. ते पेढे चंद्राचे होते की बँकेचे? माझा अंदाज चुकीचा असेल, पण हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. आर्मस्ट्राँगबद्दल विचारून जे मिळणार नाही ते पेढे कुठल्या दुकानातले, कुणी आणले, असं विचारल्यावर मिळतं.

ताडून बघायला स्वतः चंद्रही उपयोगी पडतो. बरेच जण सांगतात, ‘गच्चीत उभं राहून पौर्णिमेच्या चंद्राकडे बघत होतो आणि तिथे माणसं चालतायत या कल्पनेने अंगावर काटा आला.’ त्या आठवड्यात पौर्णिमा नव्हती. आषाढ शुद्ध पक्ष निम्म्यावर आला होता आणि आषाढी एकादशी चार-पाच दिवसांवर होती. यान टेकलं तेव्हा आपल्याकडे चंद्र मावळलेला होता आणि पाऊल पडलं तेव्हा उगवायचा होता. म्हणजे दोन्ही क्षणी महाराष्ट्राच्या आकाशात चंद्र नव्हताच. रविवारी किंवा सोमवारी संध्याकाळी ढगांतून अर्ध्याहून थोडी कमी कोर दिसली असेल तेवढीच. पण आषाढीची खूण फार कामाची. तारीख विसरलेला माणूस वारी कुठवर आली होती ते अचूक सांगतो.

खरोखर थेट पाहिलेली माणसं कशी सांगतात तेही ऐका, म्हणजे फरक कळेल. लग्न होऊन १९६७ साली लंडनला गेलेल्या एक काकू मला भेटल्या होत्या. एका खोलीचा संसार, भाड्याचा टीव्ही, आणि त्याला शिलिंग टाकायची खाच. नाणं संपलं की चित्र बंद. नवरा कामावरून दमून आलेला, तो झोपून गेला. या एकट्या पहाटेपर्यंत बसल्या. ‘काही म्हणजे काही दिसत नव्हतं हो,’ त्या म्हणाल्या. ‘आधी तर चित्र उलटंच होतं. मग एक पाय दिसला, भुताचा असावा तसा, आरपार. आणि त्याच्या आधी तासन् तास नुसती बडबड. मी गॅसच्या मीटरसाठी ठेवलेली शिलिंगं पण टीव्हीत घातली. सकाळी चहाला गॅस नाही. हे ओरडले.’

यात बघा, भारावून जाणं कुठेच नाही. कंटाळा आहे, उलटं चित्र आहे, चहा नाही. यान टेकल्यापासून पाऊल पडेपर्यंत साडेसहा तासांहून जास्त वेळ गेला होता, आणि खऱ्या प्रेक्षकाला तो वेळ आठवतो. सुरुवातीला चित्र काही क्षण खरोखरच उलटं आलं होतं. चांद्रभूमीवरून आलेलं प्रक्षेपण कृष्णधवल होतं आणि धूसर, सेकंदाला फक्त दहा चित्रं पाठवणाऱ्या कॅमेऱ्याचं. आपल्या डोळ्यांसमोर येतात ते स्वच्छ रंगीत फोटो पृथ्वीवर फिल्म परत आल्यानंतरचे आहेत. त्यांतला काचेत प्रतिबिंब दिसणारा अंतराळवीर तर आर्मस्ट्राँग नव्हेच, तो त्याच्याबरोबर उतरलेला ऑल्ड्रिन. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता. तसंच यान धूळ उडवत टेकतानाचं दृश्य त्या वेळी थेट कुणालाच दिसलं नाही. वाहिन्यांनी नमुने आणि चित्रं दाखवून वेळ निभावली, खिडकीतून घेतलेली फिल्म नंतर आली. चंद्रावर गाडी फिरताना पाहिली असं कुणी म्हणालं तर ती १९७१ किंवा त्यानंतरची मोहीम.

तेव्हा आजोबांकडे बसाल तेव्हा असं करा. ‘टीव्ही होता का?’ हे विचारू नका. हो म्हणतील आणि पुढे काही हलणार नाही. त्यांना त्या खोलीत नेऊन बसवा. कुणाची खोली, दारातून आत गेल्यावर टीव्ही कुठल्या हाताला, तुम्ही खाली बसलात की उभे होतात, शेजारी कोण, आवाज मराठीत होता की इंग्रजीत, पाऊस होता का, दुसऱ्या दिवशी कामावर गेलात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जवळ लहान मूल कोण होतं आणि ते केवढं होतं. माझ्या गोष्टीत वासंतीने जे काम केलं ते प्रत्येक घरात कुणीतरी करतंच. वर्ष त्यांना शोधू द्या, तुम्ही बोलू नका. मध्ये शांतता पडली तर पडू द्या. चहा नंतर ठेवा, कारण कपबशीचा आवाज झाला की माणूस १९६९ मधून बाहेर येतो.

घरात जुन्या कागदांची पेटी असेल तर त्यात रेडिओचं लायसन्स शोधा. पूर्वी रेडिओ आणि टीव्ही दोन्हींचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे आणि त्याच्या पुस्तिकेवर तारखा असत. शेजाऱ्यांचा टीव्ही कधी आला हे त्यांच्या मुलांना फोन करून विचारा. त्या काळी चाळीत पहिला टीव्ही येणं म्हणजे लग्नाइतकं लक्षात राहणारं असे. जुने पेपर बघणार असाल तर २१ तारखेच्या सकाळच्या अंकात पाऊल शोधू नका. ते छापून झाले तेव्हा पाऊल पडलंच नव्हतं. ती बातमी २२ च्या अंकात सापडेल.

किती खोदायचं हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि ते तुम्हीच ठरवायचं. आजोबांची तब्येत आणि स्मरणशक्ती ठणठणीत असेल, त्यांना वाद घालायला आवडत असेल, तर सगळ्या तारखा त्यांच्यापुढे मांडा. त्यांना मजाच येईल. विसरभोळेपणा वाढला असेल, तर एका बैठकीत दोनच प्रश्न, आणि चूक दाखवायची नाही. माझ्याकडून एकदा हे घडलंय. कोल्हापूरकडच्या एका आजींना मी सुरुवातीच्या वर्षांत उत्साहाने तारखांचा कागदच दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, ‘मग तुम्हालाच माहिती आहे सगळं.’ त्यानंतर दोन तास त्या फक्त हो आणि नाही म्हणत होत्या. त्यांच्या लहानपणच्या दुष्काळाबद्दल मला विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. आता मी कागद पिशवीतून काढतच नाही.

दुसरी गोष्ट पुस्तिकेच्या हेतूची. ती घरच्यांसाठी आणि समारंभाला येणाऱ्यांसाठी आहे. एखाद्या मासिकाला इतिहास म्हणून लेख देणार असाल तर वेगळी काळजी घ्यावी लागेल. घरच्या पुस्तिकेत मी आठवण गाळणार नाही आणि दुरुस्तही करणार नाही. आजोबांचं बोलणं अवतरणचिन्हांत जसंच्या तसं, आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी. साधारण अशा: ‘मुंबईत दूरदर्शन १९७२ मध्ये आलं. त्या रात्री चाळीत रेडिओ ऐकला गेला आणि चंद्रावरची दृश्यं आजोबांनी नंतर पाहिली, असं त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं.’ यातले शेवटचे शब्द महत्त्वाचे. लक्षात आलं ते त्यांच्याशी बोलताना, त्यांच्या पाठीमागे नव्हे. ही ओळ त्यांना आधी वाचून दाखवा. नको म्हणाले तर फक्त पहिलं वाक्य ठेवा. आणि आतेभावाला आत्ताच सांगून ठेवा की समारंभात माइक हातात आल्यावर या विषयात पडायचं नाही.

तुम्हाला वाटेल, इतका खटाटोप एका परिच्छेदासाठी. पण बघा, सुरुवातीला तुमच्याकडे होता फक्त ‘टीव्हीवर पाहिलं’, जो जगातल्या कोट्यवधी लोकांचा अनुभव आहे आणि तुमच्या आजोबांचा नाही. खोदल्यावर कदाचित हाती येईल पंचवीस वर्षांचा बँकेतला कारकून, चाळीच्या गॅलरीत दुसऱ्याच्या रेडिओभोवती पावणेदोन वाजेपर्यंत जागा, लघुलहरींची खरखर, इंग्रजी निम्मं कळतंय निम्मं नाही, आणि सकाळी डोळे चोळत त्या बँकेत जायचंय जी शनिवारी एका मालकाची होती आणि सोमवारी सरकारची. मला विचाराल तर टीव्हीपेक्षा हे केव्हाही बरं.

जाता जाता आणखी एक प्रश्न, जो टीव्हीच्या भानगडीत सगळेच विचारायचे विसरतात. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या सदिच्छा दौऱ्यावर निघाले तेव्हा ऑक्टोबर १९६९ च्या अखेरीस मुंबईत आले होते. त्यांना बघायला प्रचंड गर्दी लोटली होती. आजोबा दादरला राहत होते. ते गेले होते का? गिरगावातल्या एका गृहस्थांनी मला तासभर टीव्हीची गोष्ट रंगवून सांगितली, आणि मी निघता निघता हे विचारल्यावर म्हणाले, ‘हो, गेलो होतो की. पोराला खांद्यावर घेतला होता. मला समोरच्याची टोपी तेवढी दिसली. काय बघितलं ते पोराला विचारा.’ पोरगा तेव्हा दोन वर्षांचा होता.